ब.न. म्हणजे काय

पाणी खात्याच्या नकाशा विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळं खातं टिंबबाई म्हणायचं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण जिन्यात, कॅन्टीनमध्ये, त्यांच्या कानावर पडेल अशा बेतानं नक्की म्हणत. नाव पडलं ते त्यांच्या सवयीमुळे. कोणी कागदावर दोन-तीन अक्षरं लिहून मध्ये टिंबं दिली, की बाई कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि विचारायच्या, "हे कोणी लिहिलं? कुठं बसून लिहिलं? आणि त्याला म्हणायचं काय होतं?"

लोक वैतागायचे. पत्रं टाइप करणारा कारकून तर बाई येताना दिसल्या की कागदच पालथा घालायचा.

बाईंना मात्र यात मनापासून गोडी होती. सव्विसाव्या वर्षी त्या इथं लागल्या, तेव्हा नकाशे पारदर्शक कापडावर शाईनं गिरवावे लागत. शिकवायला एक म्हातारे आरेखक होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "रेघ वाकडी आली तर ब्लेडनं खरवडता येते. अक्षर चुकीचं वाचलंस तर कुणाचा तरी नळ कोरडा राहतो." बाईंनी ते वाक्य गाठीला बांधलं. पुढं कापड गेलं, शाई गेली, संगणक आले. पण उथळ खणांची ती लोखंडी कपाटं आणि पत्र्याच्या नळकांड्यांत गुंडाळून ठेवलेले जुने नकाशे बाईंनी कुणाला हलवू दिले नाहीत.

त्या नकाशांची भानगड अशी, की हे शहर मुळात दोन गावांचं. टेकडीवरचं वरचं गाव आणि नदीकाठचं खालचं गाव. दोघांची पाणी खाती वेगळी, साहेब वेगळे, लिहिण्याच्या तऱ्हा वेगळ्या. पस्तीस वर्षांपूर्वी दोन्ही गावं एक झाली, नकाशे एकाच खोलीत आले. पण प्रत्येक गावानं आपापली टिंबं जपली. खालच्या गावात 'मो.' म्हणजे मोरी, वरच्या गावात मोटार. एका नव्या फिटरनं मोटार समजून मोरी उघडली होती. त्यानंतर दोन दिवस त्याच्या शेजारी जेवायला कुणी बसलं नाही.

बाईंनी एक जाडजूड वही घातली होती. अक्षरं कुठली, कुणाच्या हातची, कुठल्या गावची, अर्थ काय, असे चार रकाने. पुढं पुढं तिच्यात खात्याबाहेरचीही अक्षरं शिरली, कारण घरीही तेच चालू होतं. मुलगी कॉलेजात शिकत होती. एकदा दुपारी तिचा फोनवर निरोप आला, 'उ. हो.' बाईंनी तो वाचला 'उलट्या होताहेत'. झालं. साखर-मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन त्या स्कूटरवरून थेट कॉलेजात. मुलगी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मैत्रिणींबरोबर खिदळत बसली होती.

"आई, उशीर होईल. उ. हो. म्हणजे उशीर होईल. सगळं जग असंच लिहितं."

"सगळं जग म्हणजे कोण कोण?"

मुलीनं जरा विचार केला. "आमचा वर्ग," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला बाई नणंदेकडे गेल्या होत्या. नणंद दूरच्या शहरात राहायची. तिच्या इमारतीच्या फाटकावर मोठ्या लाल अक्षरांत 'पा. ना.' असं लिहिलेलं. बाई पाणी खात्यातल्या. त्यांनी पाणी नाही असं धरलं, आणि तीन दिवस अर्ध्या बादलीत अंघोळ केली. घरातली सगळी भांडी भरून ठेवली, डबेसुद्धा. चौथ्या दिवशी नणंदेनं विचारलं, "वहिनी, हे काय मांडलंय?" तेव्हा उलगडा झाला. तिकडं पा. ना. म्हणजे पार्किंग नाही. नणंद इतकी हसली की तिला ठसका लागला. बाईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तो नंतर कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना हा किस्सा सांगत होता. बाईंनी निमूटपणे वहीत नोंद केली.

या वहीत एका नोंदीपुढं मात्र बारा वर्षं प्रश्नचिन्ह होतं. ती नोंद 'ब.न.' ची.

नकाशावर व्हॉल्व्हची खूण असायची आणि तिच्याजवळ बारीक अक्षरांत ब.न. खात्यात लहानथोर सगळे सांगायचे, ब.न. म्हणजे बसवला नाही. जागा ठरली होती, व्हॉल्व्ह काही आला नाही. खालच्या गावात ते खरंच होतं, बाईंनी स्वतः कागदपत्रं ताडून पाहिली होती. पण वरच्या गावातल्या एका ब.न.पाशी त्या एकदा सहज उभ्या होत्या, आणि व्हॉल्व्हमन त्यांच्या डोळ्यांदेखत तोच व्हॉल्व्ह फिरवत होता. चांगल्या हातभर लांब दांड्याची चावी घालून. बसवलाच नाही तर हा फिरवतोय काय?

तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "नंतर कुणीतरी बसवला असेल हो." बाईंना ते पटलं नाही. पाच वर्षांपूर्वी नकाशे संगणकावर चढवले गेले, तेव्हा चढवणाऱ्यांनी ब.न. दिसेल तिथली खूणच पुसून टाकली. बसवलाच नाही, तर दाखवायचा कशाला? बाईंनी अर्ज दिला. अर्जावर कुणीतरी 'पाहिले' असं लिहून सही केली. अर्ज फायलीत गेला, फाइल कपाटात गेली.

निवृत्तीला चार महिने राहिले होते, तेव्हाची गोष्ट. मंगळवार होता. सकाळी दहा-सव्वादहाला दवाखान्यासमोरचा मोठा नळ फुटला. साधासुधा नव्हे, माणूस वाकून आत शिरेल असा. रस्ता मधोमध उलला आणि पाणी दवाखान्याच्या उतारावरून थेट तळघरात घुसलं. तळघरात दवाखान्याच्या विजेचं पॅनेल होतं. वर ऑपरेशनं चाललेली.

नकाशा विभागात धावपळ उडाली. खात्यात वर्षभरापूर्वी दुसऱ्या शहरातून बदलून आलेले एक तरुण अभियंते होते, सगळे त्यांना नवे साहेब म्हणत. ते बाईंच्या खोलीत आले तेव्हा त्यांच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले होते.

"मॅडम, खालच्या बाजूचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले. तरी पाणी थांबत नाही. वरच्या गावाकडून येतंय. वरची टाकी बंद करायला सांगितलीय, पण मधल्या नळातलं पाणी उतरायला चार तास लागणार. पॅनेलखाली पाच पायऱ्या आहेत, दोन बुडाल्या. मध्ये कुठं व्हॉल्व्ह आहे का?"

बाईंनी संगणकाकडं बघितलंसुद्धा नाही. त्या उठल्या, कोपऱ्यातलं पत्र्याचं नळकांडं उचललं, टेबलावरचे चहाचे कप बाजूला सारले आणि वरच्या गावचा सतरा नंबरचा नकाशा पसरला. पुढं दोन गावांचे नळ जिथं जोडले गेले, तिथं व्हॉल्व्हची खूण होती. शेजारी दोन अक्षरं.

"ब.न.," नवे साहेब म्हणाले. "बदल नाही. म्हणजे आहे तसाच आहे ना?"

बाईंनी चष्मा नाकावर ओढला. "तुमच्याकडं ब.न. म्हणजे बदल नाही?"

"हो. दर वर्षी नकाशा तपासला की लिहायचं, बदल नाही. का? इथं काय?"

"इथं म्हणतात बसवला नाही. आणि मला वाटतं दोन्ही चूक आहे."   बारा वर्षं ज्या दारावर टकटक केली, ते आतून कुणीतरी उघडतंय असं बाईंना वाटलं. "साहेब, मला अर्धा तास द्या. तुम्ही खोदणारी माणसं या चौकात पाठवून ठेवा. मी माणूस घेऊन येते."

"कुठला माणूस?"

"ज्याच्या साहेबानं हे लिहिलं."

वरच्या गावचे शेवटचे जुने व्हॉल्व्हमन निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली होती. वय त्र्याऐंशी. ते हयात आहेत हे बाईंना गेल्याच महिन्यात पेन्शनच्या फायलीवरून कळलं होतं, जायला मात्र झालं नव्हतं. दोन खोल्यांचं घर, दारात चपलांचे तीन जोड. म्हातारेबुवा खिडकीत बसून मोडलेल्या छत्रीच्या काड्या तारेनं बांधत होते. कानाला जरा कमी ऐकू यायचं.

"काका, मी नकाशा विभागातली."

"पेन्शनचं झालं का?"

"पेन्शनचं नाही. एक विचारायचंय. तुमच्या वेळी नकाशावर ब.न. लिहायचे. त्याचा अर्थ काय?"

"काय लिहायचे?"

बाईंनी दाराशेजारच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहून दाखवलं. म्हाताऱ्यांनी मान मागं नेऊन वाचलं.

"बंद नाही," ते म्हणाले. "दुसरं काय असणार? जो व्हॉल्व्ह बारा महिने उघडा ठेवायचा, त्यापुढं ब.न. बंद नाही. आमच्या साहेबांची शिस्त होती ती."

"बसवला नाही, असं नाही ना?"

म्हातारे चिडले. "बसवला नसेल तर नकाशात काढतील कशाला? नसलेल्या वस्तूंचा कुणी नकाशा काढतं का, पोरी?"

बाईंना त्या क्षणी त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. पण वेळ नव्हता. त्यांनी नळ फुटल्याचं सांगितलं, चौक सांगितला. म्हाताऱ्यांनी छत्री खाली ठेवली आणि भिंतीवरचा सदरा काढला. आतून सून आली.

"बाबा, कुठं निघालात? डॉक्टरांनी बाहेर जायचं नाही म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरांच्याच दवाखान्यात पाणी शिरलंय," म्हातारे म्हणाले. "चप्पल दे."

बाईंच्या स्कूटरवर मागं बसून ते निघाले. वाटेतल्या प्रत्येक वळणावर ते बाईंच्या खांद्यावर थोपटून सांगत, "इथं खाली आठ इंची आहे," "इथं नळाला फाटा फुटतो तो टी-जोड आहे, गळका होता." बाई हसत होत्या, घामाघूम होत होत्या आणि सिग्नलला शिट्टीवाल्याकडं न बघता पुढं काढत होत्या. एकतीस वर्षांत त्यांनी कधी सिग्नल मोडला नव्हता.

चौकात खोदणारी माणसं हातोडा-यंत्र घेऊन उभी होती. नवे साहेब फोनवर दवाखान्याशी बोलत होते. "तिसरी पायरी गेली," ते म्हणाले. "कुठं खोदायचं?"

नकाशावर खुणेपाशी एक बाण होता आणि लिहिलं होतं, 'भिं. ९ पा.'

"भिंतीपासून नऊ पाइप," साहेब म्हणाले. "एक पाइप अठरा फुटांचा. म्हणजे तो तिकडं, बसथांब्यापाशी."

"पाइप नाही हो, पावलं," बाई म्हणाल्या. "वरच्या गावात टेप आला तो फार पुढं. हे माझ्याकडं नोंदवलेलं आहे." त्यांनी पिशवीतून वही काढलीसुद्धा.

"कुणाची पावलं?"

"माझी," म्हातारे म्हणाले. "साहेब उभे राहायचे, मी चालायचो."

झेरॉक्सच्या दुकानाची जुनी दगडी भिंत शोधून तिला पाठ लावून म्हातारे उभे राहिले आणि चालायला लागले. चौकातल्या गाड्या थांबल्या. लोक बघायला जमले. एक, दोन, तीन. नवव्या पावलाला ते थांबले. हातोडा चालला, डांबर उडालं, खाली माती. नुसती माती. फिटरनं पहार खुपसून पाहिली, लोखंड काही लागलं नाही.

नव्या साहेबांनी घड्याळाकडं बघितलं.  म्हाताऱ्यांनी खड्ड्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडं.

"तेव्हा मी चाळीसचा होतो," ते म्हणाले. "आता पावलं आखूड झालीत. अजून तीन धरा."

बारावं पाऊल रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर पडलं. हातोडा पुन्हा लागला. डांबराचा एक थर, दुसरा थर, आणि मग खणकन् असा आवाज झाला, की चौकातले सगळे एकदम पुढं सरकले. लोखंडी झाकण होतं. ते उचकटलं तर खाली विटांचं चेंबर, आणि चेंबरमध्ये गंजून लाल झालेला, पण धडधाकट व्हॉल्व्ह.

"आहे," बाई म्हणाल्या.  "बंद नाही. तो बंद नाही."

दोन फिटर आत उतरले. चावी बसवली, दांड्याला लोंबकळले. व्हॉल्व्ह तसूभर हलेना. तिसरा माणूस उतरला. चावी वाकायला आली.

"कुठल्या बाजूला फिरवताय?" म्हाताऱ्यांनी वरून विचारलं.

"उजवीकडं. बंद उजवीकडंच होतो ना."

"तो खालच्या गावचा. आमचे डावीकडं बंद होतात. तुम्ही त्याला अजून उघडताय."

 फिटरांनी दांडा उलट बाजूला ओढला. आधी एक करकर, मग पाव फेरा, मग अर्धा. मग व्हॉल्व्ह फिरायलाच लागला. म्हातारे मोठ्यानं फेरे मोजत होते, आणि त्यांच्याबरोबर बघ्यांपैकीही चार-सहा जण. चौतीस फेरे झाले आणि दांडा अडला.  दोन मिनिटांनी साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, ऐकलं, आणि खाली घेतला.

"उतरतंय," ते म्हणाले. "चौथ्या पायरीवर टेकलं होतं. आता उतरतंय."

बाईंनी वही उघडली, ब.न. ची ओळ काढली आणि प्रश्नचिन्हावर काट मारली. काट तीन ओळींवर पसरली. म्हातारे शेजारी उभे राहून बघत होते. "अक्षर चांगलं आहे तुझं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवे साहेब बाईंच्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले. "असे किती ब.न. आहेत?"

"वरच्या गावात त्रेपन्न."

"त्रेपन्न व्हॉल्व्ह आपण संगणकावरून पुसले?"

"मी अर्ज दिला होता," बाई म्हणाल्या.

साहेबांनी तो अर्ज शोधून काढला, 'पाहिले' सकट, आणि टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "चार महिने आहेत तुमच्याकडं. त्रेपन्न होतील?"

झालं, बाईंचं आयुष्यच बदललं. सकाळी सातला त्या म्हाताऱ्यांना घ्यायला जायच्या, सून दारात पाण्याची बाटली आणि गोळ्या घेऊन उभी असायची. रस्त्याच्या कडेला म्हाताऱ्यांसाठी खुर्ची टाकली जायची, आणि खोदकाम सुरू व्हायचं. पहिल्या महिन्यात एकोणीस व्हॉल्व्ह सापडले. एक चक्क चप्पलवाल्याच्या ओट्याखाली निघाला. मुलीनं सगळी वही फोनवर चढवून दिली, वर गाव आणि साल निवडायची सोय केली. तिच्या वर्गातल्यांना ते इतकं आवडलं की पोरं आपापल्या आजोबांच्या पत्रांतली अक्षरं पाठवायला लागली. पत्रं टाइप करणारा कारकूनही एक दिवस स्वतःहून कागद घेऊन आला. "बाई, यातलं 'दि.' म्हणजे दिनांक की दिवंगत? पत्र यजमानांच्या नावे काढू की त्यांच्या बायकोच्या?"

खात्यात त्यांना टिंबबाई म्हणणं काही थांबलं नाही. फक्त आता तोंडावर म्हणत, आणि त्या 'ओ' देत.

निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना खालच्या गावच्या एका नकाशात बाईंना नवीनच काहीतरी दिसलं. आठ गल्ल्यांना पाणी देणाऱ्या नळावर व्हॉल्व्हची खूण आणि पेन्सिलीनं लिहिलेलं 'अ.उ.' वहीत नव्हतं. साहेबांना माहीत नव्हतं. म्हाताऱ्यांना दाखवलं तर त्यांनी कागद परत केला. "हे खालच्या गावचं. आमच्याकडं असलं काही नव्हतं."

बाईंनी अक्षराचं वळण पाहिलं. 'उ' ची शेपटी लांब ओढलेली. असा 'उ' त्यांनी जुन्या हजेरीपुस्तकात पाहिला होता. दोन दिवस हजेरीपुस्तकं चाळून त्यांनी तो मुकादम शोधून काढला. तो वारून अकरा वर्षं झाली होती, पण त्याच्या बायकोचा पत्ता पेन्शनच्या फायलीत होता. बाई त्याच दुपारी गेल्या. साठी उलटलेली ती मुकादमाची बायको शिलाई मशीनवर पडदे शिवत होती.

"अ.उ.?" तिनं दोरा तोडला. "अर्धा उघडा. घरात सगळ्यावर लिहायचे ते. खिडकीवर, गॅसच्या बटणावर. मी पूर्ण उघडलं की रागवायचे. वाया जातं म्हणायचे."

बाई पायऱ्या दोन-दोन करत उतरल्या. त्या आठ गल्ल्यांमधून कमी दाबाच्या तक्रारी वीस वर्षं येत होत्या. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतच नाही, म्हणून लोकांनी घागरी वाहिल्या होत्या. तपासायला गेलेला प्रत्येक जण सांगत आला होता, व्हॉल्व्ह उघडाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरनं चेंबर उघडलं. बाई, नवे साहेब आणि म्हातारे काठावर वाकून उभे. फिटरनं चावी घातली आणि फिरवत राहिला. फिरतच होती. अठरा फेरे झाले.

वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई हातात पातेलं घेऊन आली आणि कठड्यावरून खाली वाकली.

"अहो, नळाला एकदम जोर आलाय. तुम्ही काय केलंत?"

"अर्धा होता, पूर्ण केला," म्हाताऱ्यांनी खालून ओरडून सांगितलं. "भांडी भरायची गरज नाही आता. रोज येईल."

ती आत पळाली. पाठोपाठ दुसऱ्या गॅलरीचं दार उघडलं, मग तिसरीचं, आणि खाली उभ्या असलेल्या बाई मान वर करून एकेक दार मोजायला लागल्या.